ताटाची आणि स्क्रीनची डावी बाजू

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. घंटा वाजवून न थांबणारा गॅसवाला, दारात गाडी लावणारा पाहुणा, चुकीच्या मापाचा स्क्रू, सगळ्यांवर मी सारख्याच जोरात ओरडतो. त्यामुळे कुणाचे आभार मानायची मला फारशी सवय नाही. आज मात्र मानायला बसलोय, आणि त्याआधी माझी फजिती सांगावी लागणार आहे. वीस वर्षं मी लिनक्सवर एक्स वापरला आणि आता वेलँड वापरतो, तो बदल का झाला त्याची ही फजिती आहे.

ज्यांना हे शब्द नवे आहेत त्यांच्यासाठी सांगतो. लिनक्स ही विंडोजसारखीच कंप्युटर चालवणारी प्रणाली. तिच्यात प्रोग्रॅम कितीही असोत, स्क्रीनवर काय, कुठं आणि कधी दाखवायचं हे ठरवणारा एकजण असतो. त्याला डिस्प्ले सर्व्हर म्हणतात. मी आदिलाबादेत तहसील ऑफिसात कंप्युटर ऑपरेटर. आमच्याकडे निजामाच्या काळापासून पेशकार असतो. साहेबांच्या टेबलावर कुठली मिसल, म्हणजे कामाची फाइल, ठेवायची ते तो ठरवतो. त्यानं ठेवली नाही तर साहेबांच्या लेखी ती मिसल नाहीच. डिस्प्ले सर्व्हर म्हणजे कंप्युटरचा पेशकार. एक्स हा जुना पेशकार, सगळ्यांना ओळखणारा, सगळ्यांना आत घेणारा, थोडा ढिला. वेलँड नवा, शिस्तीचा, एकाला दुसऱ्याच्या कागदात डोकावू न देणारा. मी जुन्या पेशकाराचा माणूस. नव्याला नावं ठेवणं हा माझा चहाच्या वेळचा उद्योग होता, आणि वेलँडची बाजू घेणारी माझी मुलगी फोनवरून ती ऐकून घ्यायची.

मुलगी बासरला शिकते, तिथंच हॉस्टेलला राहते. पहिल्या वर्षापासून दर सुट्टीनंतर तिला मीच माझ्या जुन्या गाडीतून सोडून आलो. निर्मलच्या घाटाआधी एका टपरीवर थांबायचं, तिनं उकडलेल्या शेंगा घ्यायच्या, मी चहा घ्यायचा, आणि चहात साखर जास्त म्हणून टपरीवाल्याशी भांडायचं. आमच्या दोघांच्या मनातल्या गोष्टी काय बोलायच्या त्या याच रस्त्यावर बोलून झाल्या आहेत. घरी आम्ही असे समोरासमोर बसून बोलत नाही. गाडीत तोंड समोर असतं, म्हणून बोलता येतं.

मागच्या आषाढात एका सकाळी दाढी करता करता डाव्या हातातला आरसा खाली पडला. उचलायला वाकलो तर तोल गेला. बायको धावत आली, आणि मी तिलाच ओरडलो की आरसा ओला का ठेवलास. पण शब्द नीट फुटेनात, तेव्हा तिनं ओळखलं. दहा दिवस दवाखान्यात काढले. मेंदूच्या उजव्या भागाला झटका होता. डावा हात जरा मंद राहिला, पाय महिनाभरात सुधारला, वाचा तर पहिल्यापेक्षा तेज झाली. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचलात.

दवाखान्यात एक गोष्ट घडली होती, ती इथंच कबूल करतो. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला एक कागद दिला. त्यावर आडव्या रेघा होत्या. प्रत्येक रेघेच्या बरोब्बर मधोमध खूण करा म्हणाल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी काय बालवाडीत आहे का?" म्हणून मी तो कागद चुरगाळून फेकला. पुन्हा आणला, पुन्हा फेकला. शेवटी त्यांनीही हात टेकले. तो कागद मी तेव्हा मुकाट्यानं भरला असता तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

घरी आल्यावर डॉक्टरांचा हुकूम होता: दसऱ्यापर्यंत गाडीला हात लावायचा नाही, मग बघू. बायकोनं त्याच दिवशी चावी लपवली. देवघरात, बाळकृष्णाच्या आसनाखाली. तिला वाटायचं मला माहीत नाही. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण देवाला हलवून चावी काढायची हिंमत नव्हती. मी तिला एवढंच म्हणालो, "दसऱ्याच्या सुट्टीनंतर पोरीला बासरला मीच सोडणार. बस."

हे एवढ्या हट्टानं का म्हणालो, ते तिला समजलं असणार. ऑफिसातून वैद्यकीय रजा, भाजीसुद्धा ती आणायची, बँकेत ती जायची. माझ्याकडे उरली होती ती एक गाडी आणि तो एक रस्ता. तो गेला तर मी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या देणारा म्हातारा होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. बाप म्हणून माझं एवढंच काम शिल्लक होतं आणि ते मला कुणाला द्यायचं नव्हतं.

तोडगा मुलीनं काढला. फोनवर म्हणाली, "बाबा, तुमी चिडून काऊन राह्यले? ट्रक चालवायचा एक गेम हाय, तो खेळा. हातालेबी व्यायाम होते." गावखेड्यांच्या अरुंद रस्त्यांवरून, सायकली, म्हशी, माणसं चुकवत ट्रक न्यायचा असा तो गेम. तिनं तिकडूनच माझ्या कंप्युटरवर चढवून दिला. बायकोनं हे ऐकलं आणि तिथल्या तिथं अट घातली. "धा खेपा बिनधक्क्याच्या करून दाखवा. मंग चावी मांगा."

"मंजूर," मी म्हणालो. तीस वर्षं गाडी चालवली, एक ओरखडा नाही. दहा खेपा म्हणजे दोन दिवसांचं काम.

दुपारी तीन वाजता मी कंप्युटरपुढं बसायचो. बायको शेजारी सूप घेऊन तुरीची डाळ निवडत बसायची आणि एक डोळा स्क्रीनवर ठेवायची. पहिल्याच खेपेला मी एका सायकलवाल्याला उडवलं. दुसऱ्याला खांब. तिसऱ्याला पुन्हा सायकल. चौथ्याला म्हैस. बायको दर वेळी तोंडानं "च् च्" करायची आणि माझ्या डोक्यात तिडीक जायची.

मी चिडलो तो स्वतःवर नाही. सायकलवाला मला दिसलाच नव्हता. रस्ता रिकामा होता आणि एकदम धक्का बसला होता. म्हणजे स्क्रीननं मला वेळेवर दाखवलं नाही. उघड होतं! एक्सवर गेम खेळताना चित्र फाटल्यासारखं होतं, त्याला टिअरिंग म्हणतात. वरचा भाग नव्या चित्राचा, खालचा जुन्याचा. जुना पेशकार गडबडला की असं होतं. मी बायकोला हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मले तर तो सायकलवाला चांगला दिसला. निळा सदरा होता त्याचा."

"तुला काय कळतंय त्यातलं!" मी म्हणालो. हे वाक्य त्या तीन महिन्यांत मी किती वेळा म्हणालो असेन, आज आठवलं की मान खाली जाते.

मग सुरू झाला माझा प्रयोगांचा सपाटा. एक्समध्ये टिअरिंग बंद करायची सेटिंग लावली. सायकलवाला मेला. खिडक्यांची सजावट करणारा प्रोग्रॅम बंद केला, म्हणजे मधला एक टप्पा कमी. म्हैस मेली. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बदलला, त्यात एक सबंध दिवस काळी स्क्रीन बघत बसलो. शेवटी ज्याचं नाव काढलं की मी नाक मुरडत होतो त्या वेलँडवर गेलो. खोटं का बोलू, चित्र लोण्यासारखं चालायला लागलं. एक फाटका तुकडा नाही. वेलँडचा शिरस्ताच असा की चित्र पूर्ण तयार झाल्याशिवाय पुढं ठेवायचं नाही. मी मनातल्या मनात मुलीला मानलं आणि खेप सुरू केली. तिसऱ्या वळणावर निळ्या सदऱ्याचा सायकलवाला माझ्या ट्रकखाली गेला.

मी माऊस आपटला. वेलँडवर खापर फोडलं: चित्र पूर्ण होईस्तोवर थांबतो म्हणून उशिरा दाखवतो! परत एक्सवर आलो. पोळ्यापासून घटस्थापनेपर्यंत मी एकदा इकडं, एकदा तिकडं असा येरझारा घालत होतो. मुलीला फोनवर सांगायचो की डावी बाजू उशिरा येते, दोन्हीकडे डावी बाजूच उशिरा येते. ती फोनवर गप्प व्हायची. मला वाटायचं नेटवर्क गेलं.

त्या दिवसांत घरात सगळंच माझ्याविरुद्ध गेलं होतं. मधल्या दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटून आपटून काळानिळा झाला. बांधतानाच सुतारानं चौकट अरुंद केली होती असं मी ठरवून टाकलं. आणि दुसरं म्हणजे बायकोनं माझा ठेचा बंद केला.

आमच्याकडे ताट वाढायची एक रीत आहे. उजवीकडे भाजी, वरण. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, ठेचा. मी मूळचा भीमपूरकडचा, ज्वारीची भाकर आणि ठेचा नसला तर मला जेवल्यासारखं वाटत नाही. दवाखान्यातून आल्यापासून ताटात ठेचा दिसेना. डॉक्टरांनी मीठ-तिखट कमी सांगितलं होतं, तेव्हा बायकोनं परस्पर तो बंद केला असणार. मला असा राग आला म्हणता! पण म्हटलं, ही बाई एवढी करते आहे, या एका गोष्टीवरून नको भांडायला. आयुष्यात पहिल्यांदा मी राग गिळला. आळणी जेवत राहिलो आणि मनातल्या मनात तिला बोल लावत राहिलो.

नवरात्राच्या सातव्या दिवशी मुलगी सुट्टीला आली. बॅग ठेवली, हातपाय धुतले आणि म्हणाली, "बाबा, खेळून दाखवा." मी एक्सवर खेळून दाखवलं, एक सायकलवाला. वेलँडवर खेळून दाखवलं, एक खांब. ती माझ्या मागं उभी होती. मला वाटलं ती स्क्रीन बघते आहे. ती माझ्याकडे बघत होती.

"बाबा, एक इचारू? टिअरिंग आडवं असते की उभं?"

"आडवं. एवढंबी माहीत नाही? स्क्रीन वरून खाली रेघारेघांनी भरते."

"मंग डावी बाजू उशिरा अन् उजवी टायमावर, असं कसं होईल?"

 वीस वर्षं हे काम केलं. हे मला पहिल्या दिवशी सुचायला पाहिजे होतं. कुठलाच डिस्प्ले सर्व्हर स्क्रीनची नुसती डावी बाजू मागं ठेवत नाही. पण मी हटून बसलो. म्हणालो, "मग काही नवीन बिघाड असेल."

गेममध्ये झालेली खेप परत बघायची सोय होती. तिनं ती लावली आणि एका जागी थांबवली. "इथं बघा. दिसून राह्यला सायकलवाला?"

"कुठं आहे? रस्ता मोकळा आहे."

सूप घेऊन बसलेली बायको काही बोलणार होती. मुलीनं तिला हातानं थांबवलं. मग स्क्रीन बंद केली आणि म्हणाली, "जेवून घेऊ."

जेवायला वांग्याची भाजी, वरण आणि भाकर होती. मुलगी माझ्या शेजारी बसली. मी जेवलो, ताटात पाणी टाकणार एवढ्यात ती म्हणाली, "ठेचा नाही खाल्ला, बाबा?"

तीन महिन्यांचा गिळलेला राग एकदम वर आला. "वाढला कुठं तुझ्या आईनं? दवाखान्यातून आल्यापासून ठेच्याचं तोंड नाही पाहिलं मी! मी आपला गप्प बसतो, कुणाला काय सांगायचं!"

बायको पळी घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काय म्हणता? अहो, रोज वाढते मी!"

 मुलीनं माझ्या ताटाच्या काठाला हात लावला आणि ताट अर्धं फिरवलं.

ठेचा होता. हिरव्या मिरचीचा, वर कच्चं तेल घातलेला. शेजारी लिंबाची फोड, कांदा, चिमूटभर मीठ. सगळं तसंच, बोट न लावलेलं.

 बायको मटकन खाली बसली. "मले वाटलं, तुमी डॉक्टरचं ऐकून राह्यले," ती म्हणाली. "रोज बाजूले ठेवता. मी तं शेजारणीले सांगत होती, आमच्या यायनं ठेचा सोडला, किती शहाणे झाले बाई!" आणि ती हसता हसता रडायला लागली.

 चौकट अरुंद नव्हती. एक्स ढिला नव्हता, वेलँड उशीर करत नव्हता. दोघांनीही प्रत्येक वेळी तो निळ्या सदऱ्याचा माणूस माझ्यापुढं आणून ठेवला होता. माझ्या स्वतःच्या डोक्यातला पेशकार डावीकडच्या मिसली पुढं ठेवतच नव्हता, आणि ठेवत नाही हे मला कळूही देत नव्हता.

मग मला गाडी आठवली. आपल्याकडे गाडी डाव्या बाजूनं चालते. डावीकडेच सायकलवाले असतात, डोक्यावर गाठोडं घेतलेल्या बाया असतात, शाळेची पोरं असतात. बाळकृष्णाखालची ती चावी मी एखाद्या दुपारी काढली असती तर मी कुणाचा तरी जीव घेतला असता. आणि माझा स्वभाव मला माहीत आहे. मी खाली उतरून त्यालाच शिव्या दिल्या असत्या, की एकदम कुठून आलास. हे मनात आलं तेव्हा मला रडू आवरलं नाही. मुलीसमोर मी कधी रडलो नव्हतो. तिनं ठेच्याची वाटी माझ्या उजवीकडे सरकवली आणि म्हणाली, "खा आता. तीन महिन्याचा उपास सुटला." मी डोळे पुसत ठेचा खाल्ला, आणि डोळ्यांतून पाणी येतंय ते तिखटाचं असं दाखवायची चांगली सोय झाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. त्याच डॉक्टरीणबाई होत्या. मी होऊन म्हणालो, "तो रेघांचा कागद द्या." त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. मी प्रत्येक रेघेच्या मधोमध खूण केली आणि त्यांनी पट्टी लावून दाखवलं: सगळ्या खुणा उजवीकडे सरकलेल्या. डोळे चांगले आहेत, म्हणाल्या, पण मेंदू डावीकडे बघायचं विसरतो. सवयीनं पुष्कळ सुधारतं. गाडी मात्र नाही. पुन्हा तपासल्याशिवाय तर नाहीच. जे बघायचं असेल त्याच्या डाव्या कडेला लाल खूण करा आणि आधी ती शोधा. निघताना त्यांनी दारापर्यंत येऊन तेलुगूत पुन्हा बजावलं, "एडम वैपु चूडंडी, सार." डावीकडे बघा. मी हात जोडले.

घरी येऊन मुलगी कंप्युटरपुढं बसली. म्हणाली, "गेमच्या वर डाव्या कडेले एक लाल पट्टी कायम दिसन असं करते. एक्सवर सोपं हाय. वेलँड असं कोणालेबी दुसऱ्याच्या अंगणात शिरू देत नाही." म्हणजे अखेर माझा जुना पेशकारच कामाला येणार होता. मला बरं वाटलं. वीस वर्षांचा संबंध आहे. दुसऱ्या दिवशी नवमी होती, अवजारांच्या पूजेचा दिवस, त्या दिवशी अवजार चालवायचं नाही. म्हणून पट्टीचं काम दसऱ्यावर ठेवलं.

नवमीला बायकोनं नेहमीप्रमाणे सगळ्याची पूजा केली. गाडी, शिवणयंत्र, विळी, मिक्सर आणि कंप्युटर. स्क्रीनच्या कडेला ती पाच बोटं हळदीची आणि पाच कुंकवाची ओढते. मागच्या वर्षी ती उजव्या कडेला ओढली होती. तिथंच खाली बंद करायचं बटण आहे, ते दाबलं गेलं, स्क्रीन विझली, आणि सणाच्या दिवशी मी घर डोक्यावर घेतलं होतं. ते लक्षात ठेवून यंदा बिचारीनं डाव्या कडेला ओढलं. चांगलं ओलं, लालभडक, वरपासून खालपर्यंत.

दसऱ्याला दुपारी मी खुर्चीवर बसलो. वेलँड चालू होता. म्हटलं पट्टी लावायच्या आधी एक खेप करून बघू. रस्ता सुरू झाला आणि माझी नजर आपोआप त्या कुंकवाकडे जायला लागली. लाल दिसलं की नजर तिकडं, तिकडं गेली की त्याच्या आतल्या बाजूला खांब, म्हैस, गवताचा भारा. तिसरं वळण आलं. मी कुंकवाकडे बघितलं आणि तिथं निळ्या सदऱ्याचा माणूस सायकल मारत चालला होता. कॅरिअरला दुधाची किटली होती. तीन महिन्यांत त्याची किटली मी पहिल्यांदा बघितली. मी ब्रेक दाबला आणि त्याला जाऊ दिलं. तो गेला तरी मी तसाच थांबून राहिलो.

"एक झाली," सुपावरून मान न उचलता बायको म्हणाली.

मुलगी हसून म्हणाली, "आईनं माझं काम करून टाकलं." आई म्हणाली, "मी तं पूजा केली." पूजेचं कुंकू आमच्याकडे पुसत नाहीत, ते आपोआप जाईल तेव्हा जाईल. म्हणून पट्टीचा प्रश्न मिटला, आणि मग निवड माझ्यावर आली: एक्स की वेलँड? मी वेलँड ठेवला. एक्सवर माझा राग उरला नव्हता, उलट त्याची मनोमन माफी मागितली मी. पण तिथं चित्र कधीमधी फाटतं, आणि फाटलं की माझ्यासारख्या माणसाला बहाणा मिळतो. वेलँडवर मला बहाणा उरत नाही. जे दिसत नाही ते माझ्यामुळे दिसत नाही, एवढं तिथं पक्कं. माझ्या स्वभावाच्या माणसाला असाच सर्व्हर पाहिजे.

ज्यांचे आभार मानायचे ते सांगतो म्हणालो होतो. त्या सायकलवाल्याचे, जो माझ्या ट्रकखाली इतक्या वेळा गेला आणि खऱ्या रस्त्यावरच्या कुणाला जाऊ दिलं नाही. मुलीचे तर आहेतच. पण सगळ्यांत जास्त बायकोचे. मी ठेच्याला हात लावत नव्हतो, तरी डावी बाजू रिकामी असलेलं ताट नवऱ्यापुढं ठेवायचं नाही म्हणून ती रोज मिरच्या भाजत होती, रोज वाढत होती, रोज तसाच उचलत होती. तिनं एक दिवस कंटाळा केला असता तर पोरीनं ताट फिरवून काय दाखवलं असतं? हे मी तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "आता जास्त बोलू नका, भाकर थंडी होते."

सुट्टी संपली. निघायच्या सकाळी मी देवघरात गेलो, बाळकृष्णाला नमस्कार केला, आसन उचललं आणि चावी काढली. बायको दारात उभी होती. मला जागा माहीत होती हे बघून तिनं कपाळाला हात लावला. मी चावी मुलीच्या हातात ठेवली. गाडी तिला मीच शिकवली आहे, भीमपूरच्या रस्त्यावर, सबंध उन्हाळा तिच्यावर ओरडत. लायसन्सही तिनं काढलेलं होतं, पण त्यानंतर मी शेजारी असताना तिच्या हाती गाडी कधी दिली नव्हती. बायको मागं बसली, म्हणजे परत येताना बसमध्ये मला सोबत आणि पहारा. गाडी महिनाभर बासरलाच राहणार होती.

शिकवणीचा तो उन्हाळा सोडला तर मी पहिल्यांदाच माझ्याच गाडीत डावीकडे बसलो. काचेच्या डाव्या कडेला नवमीचं कुंकू वाळून राहिलं होतं. मला काय करावं कळेना. पाय उगाच ब्रेक शोधत होता. गाव मागं पडलं तशी मुलगी म्हणाली, "बाबा, तुमाले एक काम देते. डावीकडचं तुमी सांगा."

"तुला दिसतं की."

"मले दिसते. तरीबी सांगा."

मग मी सांगत गेलो. मैलाचा दगड. बैलगाडी. कापूस वेचायला चाललेल्या बाया, तीन. कधी माझी नजर उजवीकडे घसरायची, ती हळूच खाकरायची, मी कुंकू शोधायचो आणि परत डावीकडे यायचो. घाटाआधीच्या टपरीवर तिनं शेंगा घेतल्या. मी चहा घेतला. साखर जास्तच होती. मी काही बोललो नाही, तर टपरीवाल्यानंच विचारलं, "साहेब, तब्येत बरी आहे ना?"

निर्मल सोडल्यावर एका वळणावर रस्ता अरुंद झाला. समोरून लाल बस येत होती, तिचा हॉर्न, तिचा धुरळा, सगळं उजवीकडे. कुणाचंही लक्ष तिकडंच जावं. मी कुंकवाकडे बघितलं. तिथं रस्त्याच्या अगदी कडेनं एक माणूस सायकल मारत चालला होता, मागं दुधाची किटली.

"डावीकडे सायकल आहे," मी म्हणालो. "हळू."

तिनं गाडी हळू केली, बस जाऊ दिली, मग सायकलवाल्याला सांभाळून पुढं काढली. "दिसला मले, बाबा," ती म्हणाली.

"मलेबी," मी म्हणालो.